गेल्या सालाचं प्रोसिडिंग

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. जानेवारी २०२३, संक्रांतीच्या आधीचा आठवडा.)



चुलीवर काही असेल तर रेडिओ तिकडंच घेऊन जा. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज आपल्याला गेल्या सालाचा हिशोब करायचाय.

आपल्या गटाची सभा कशी सुरू होते? हजेरी होते, बचत गोळा होते आणि मग सचिव मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवते. काय ठरलं होतं, त्यातलं काय झालं, काय राहिलं. वाचून झालं की त्याखाली सगळ्यांच्या सह्या. जिला सही येत नव्हती तीही आता वळणदार नाव काढते.

डिसेंबर संपायला आला की टीव्हीवर आणि पेपरात सरत्या वर्षाचा आढावा येतो. कोण गेलं, कोण निवडून आलं, काय महागलं. आपण तो बघतो आणि उठून कामाला लागतो. त्यातलं आपलं किती, हे कुणी विचारत नाही. म्हणून यंदा आम्ही, या भागातल्या गटांचं काम बघणाऱ्या आणि गटांतल्या बायका, मिळून असं ठरवलं की देशाचं २०२२ साल आपल्या प्रोसिडिंगसारखं वाचायचं. देशात जे झालं ते वाचायचं आणि त्याच्या शेजारी आपण काय केलं तेही. यात आमच्या चुकाही येतील. त्या झाकायच्या नाहीत, असंही ठरलंय.

तर जानेवारीपासून सुरू करू.

साल उघडलं तेव्हा तोंडाला मास्क होते. शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या, त्या २४ जानेवारीला उघडल्या. एसटीचा संप चालू होता. बाजाराला जायचं तर वडापमध्ये कोंबून जायचं, नाहीतर चालत. ३ जानेवारीला आम्ही समाजमंदिरात सावित्रीबाईंची जयंती केली. त्यांनी मुलींना शिकवलं हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांनी आणि जोतिबांनी फसलेल्या विधवांसाठी घर उघडलं, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला, हे त्या दिवशी आमच्यातल्या एकीनं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला रात्री, पुण्यात सिंधुताई सपकाळ गेल्या. वय ७३. वर्धा जिल्ह्यातल्या गुराख्याची ही पोर. नको असताना झाली म्हणून घरात नाव पडलं चिंधी. शाळा चौथीपर्यंत. लहानपणीच लग्न. गावातल्या बायका गुरांचं शेण गोळा करायच्या आणि त्याचा पैसा दुसऱ्याच्याच खिशात जायचा. त्याविरुद्ध त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांच्यावर आळ आला आणि दिवस भरलेले असताना नवऱ्यानं घराबाहेर काढलं. गोठ्यात बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली, स्मशानात राहिल्या. आणि त्यातून हजारावर पोरांची माई झाल्या. आमच्यातल्या कितीतरी जणींनी त्यांचं भाषण समोर बसून ऐकलं होतं. आम्ही श्रद्धांजलीचा ठराव लिहिला. उभं राहून दोन मिनिटं शांत राहिलो.

त्याच महिन्यात १७ तारखेला कोल्हापुरात प्राध्यापक एन. डी. पाटील गेले. सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचा हा माणूस, शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी नव्वदीतही रस्त्यावर उतरायचा. २७ तारखेला डॉक्टर अनिल अवचट गेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर सुनंदा यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ज्यांच्या घरातला माणूस तिथून धड होऊन परत आला, त्या बायकांना हे नाव वेगळं सांगायला नको.

६ फेब्रुवारी, रविवार. लताबाई गेल्या. ९२ वर्षांच्या होत्या. देशाचा झेंडा दोन दिवस अर्ध्यावर होता. त्यांच्या गाण्याबद्दल आम्ही काय बोलणार? आम्ही सभेत वेगळीच गोष्ट बोललो. १९४२ साली वडील, मास्टर दीनानाथ, गेले तेव्हा लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. पाच भावंडांत थोरल्या. आई विधवा झाली आणि घर या पोरीच्या कमाईवर चाललं. पुढं मोठं नाव झाल्यावर गाणाऱ्यालाही गाण्याच्या कमाईत वाटा मिळाला पाहिजे, यासाठी त्या भल्याभल्यांशी भांडल्या. म्हणजे आपल्या कामाचं मोल मागायला लाजायचं नाही, हे त्यांनाही शिकावं लागलंच असेल.

पाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क सुटले. एप्रिल सरता सरता एसटी पुन्हा धावायला लागली. पोरी शाळेला जाऊ लागल्या. मे महिन्यात गॅसची टाकी हजाराच्या घरात गेली आणि आमच्यातल्या निम्म्या जणींनी चूल पुन्हा सारवून घेतली.

आणि मे महिन्यातच ती बातमी आली.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराज १९२२ साली ६ मेला गेले, त्याला शंभर वर्षं होत होती. त्याच्या दोन दिवस आधी, ४ मेला, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ज्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, आपली तरुण विधवा सून इंदुमती राणीसाहेब हिला कोपऱ्यात न बसवता शिकवलं, त्यांची शंभरावी पुण्यतिथी त्या गावानं अशी केली. १७ मेला राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनीही असं करावं.

मे महिन्याच्या सभेत आम्ही पेपरचं कात्रण मोठ्यानं वाचलं. टाळ्या वाजवल्या. प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, "हेरवाड ग्रामपंचायतीचे अभिनंदन करण्यात आले." सगळ्यांच्या सह्या आहेत. आपल्या गावात काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

जूनच्या सभेत दुसरं एक वाचून दाखवलं. बँकेच्या खात्यातून वर्षाला ३३० रुपये कापून जो दोन लाखांचा विमा असतो, पंतप्रधान जीवनज्योती, त्याचा हप्ता १ जूनपासून ४३६ झाला होता. वाचलं आणि पुढच्या विषयाला गेलो. कुणाच्या घरात कुणाच्या खात्यावर किती शिल्लक आहे, हे बघितलं नाही. जूनच्या शेवटी राज्यात सरकार बदललं, तर त्यावर मात्र तासभर बोललो.

आता जुलै. हे सांगताना आवाज जड होतोय, पण सांगायचंच आहे. जिची ही गोष्ट आहे तिला विचारून सांगतोय. नाव सांगणार नाही.

आषाढी एकादशी होऊन तीन दिवस झाले होते. पाऊस लागून राहिला होता. आमच्या गटातल्या एकीचा नवरा, वय ४१, सकाळी रानात गेला तो छातीत कळ येऊन बांधावरच बसला. दवाखान्याच्या वाटेवरच गेला. तिचं वय ३४. दोन पोरं, एक सातवीत, एक चौथीत.

आम्ही सगळ्या गेलो. गटाची बाई म्हटल्यावर जाणारच. मयत उचलायच्या आधी म्हाताऱ्या बायका तिला अंगणात घेऊन आल्या. कुणीतरी दगड आणला. ती हात मागं ओढत होती. तेव्हा तिचे हात धरायला ज्या दोघी पुढं झाल्या, त्या आमच्याच गटातल्या होत्या. बाकीच्या आम्ही बघत उभ्या होतो. काच मनगटात घुसला, रक्त आलं. कुंकू पुसलं. मंगळसूत्र ओढून काढलं. सगळं पाच मिनिटांत झालं. हेरवाडचं कात्रण वहीत तसंच चिकटवलेलं होतं.

त्या दोघींना आम्ही दोष देत नाही. त्या जन्मात असंच बघत आलेल्या. आणि उभ्या राहून बघणाऱ्या आम्ही त्यांच्यापेक्षा काय वेगळ्या?

तेराव्याचा दिवस आला २५ जुलै. त्याच दिवशी दिल्लीत द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावची संथाळ आदिवासी बाई. गावातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. कारकून होत्या, शिक्षिका होत्या, १९९७ साली नगरपंचायतीच्या नगरसेविका झाल्या. मग आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल. आपल्या देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती, आणि प्रतिभाताई पाटलांनंतर दुसऱ्या बाई. काही वर्षांच्या आत त्यांचे दोन तरुण मुलगे गेले आणि पतीही गेले. म्हणजे मैत्रिणींनो, आपल्या देशाची पहिली नागरिक विधवा आहे. संथाळी काठाची पांढरी साडी नेसून ती बाई भरल्या सभागृहात पुढं आली आणि सगळे उठून उभे राहिले. तिथं कुणी विचारलं नाही, की तुम्ही पुढं कशा येता.

आम्ही ते तेराव्याच्या जेवणाच्या घरी, पडवीतल्या टीव्हीवर बघितलं. आत माजघरात आमची मैत्रीण भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिला बाहेर बोलवायचं कुणाला सुचलं नाही. टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या, आणि आम्ही एकमेकींकडं बघायचं टाळत होतो.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली. घरोघरी तिरंगा. आमच्या शिवणकामाच्या गटांनी झेंडे शिवले, चार पैसे मिळाले. त्या महिन्यातल्या सभेत हजेरी घेताना सचिव थांबली. मैत्रीण सलग दुसऱ्या सभेला नव्हती. गटाचा नियम आहे, न कळवता गैरहजर राहिल्यास दहा रुपये दंड. सचिवानं विचारलं, "दंड लिहू का?"

आमच्या गटात एक आक्का आहेत, पासष्टीच्या. तीस वर्षं झाली नवरा जाऊन. सभेत त्या फारसं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "दंड तिला कशाला? ती कुठं चुकली? दंड आपल्याला लिव्ह."

कुणी काही बोललं नाही. मग ज्या दोघींनी हात धरले होते, त्यातल्या एकीनं कमरेची पिशवी काढली आणि दहाची नोट सतरंजीवर ठेवली. बारा जणींचा गट. तिला सोडून अकरा जणींनी दहा-दहा रुपये ठेवले. ते ११० रुपये आमच्या खातेवहीत दंड म्हणून जमा आहेत. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "ठराव वाचला, पाळला नाही."

त्या सभेत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. एक, गटातल्या कुणाच्याही घरी दुःख झालं तर तिच्या दोन्ही बाजूंना दोघी बसतील आणि तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. दोन, तिनं काय ठेवायचं, काय काढायचं, हे ती ठरवेल, तेही लगेच नाही, तिला सुचेल तेव्हा. तीन, पहिल्या महिन्यात तिची कागदपत्रं गट करून देईल. चार, गटाच्या कुठल्याही हळदीकुंकवात नवरा असलेली आणि नसलेली हा भेद करायचा नाही.

मग आम्ही तिच्याकडं गेलो. बांगड्या घेऊन गेलो होतो, हिरव्या. तिनं बघितलं आणि म्हणाली, "हात तुम्हीच धरलात. आता हातात घालायला पण तुम्हीच आलात?"

आम्ही बांगड्या पिशवीत ठेवल्या. उत्तर नव्हतंच. बराच वेळ बसलो. मग तीच म्हणाली, "बांगड्यांचं राहू द्या. दिरांनी सातबारा मागितलाय सहीला. काय करू सांगा."

आम्हाला वाटत होतं प्रश्न कुंकवाचा आहे. तिच्यापुढं प्रश्न रानाचा होता, पोरांच्या फीचा होता, गटातून घेतलेल्या वीस हजारांच्या कर्जाचा होता. आणि नीट बघितलं तर दोन्ही एकच. जिचं कपाळ आपण पुसतो, तिला कोपऱ्यात बसवतो. जी कोपऱ्यात बसते ती तलाठ्याकडं जात नाही. मग तिच्या जमिनीचं दुसरेच ठरवतात.

म्हणून पुढचे दोन महिने काय केलं ते सांगतो. ऐकताना एखादीनं लिहून घ्या.

मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडं २१ दिवसांच्या आत करायची असते. ती तिच्या भायांनी केली होती, म्हणून दाखला लगेच मिळाला. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवल्या, कारण प्रत्येक ठिकाणी मागतात. मग तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज. नवऱ्याच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. १९५६ पासून हा कायदा आहे. कुणी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मागितली तर करायची नाही, एवढंच आम्ही तिला सांगितलं. दिरांशी भांडण नाही केलं. तिच्याबरोबर फक्त जाऊन बसलो, तीनदा. फेरफार झाला. सातबाऱ्यावर तिचं आणि पोरांचं नाव लागलं, सासूबाईंचंही लागलं. सासूबाईंना आपलंही नाव लागतं हे माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून त्या सुनेच्या बाजूला आल्या.

दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकदाच वीस हजार मिळतात. तो अर्ज तहसीलला दिला. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज दिला.

आणि मग बँकेत गेलो, विम्याचं विचारायला. पासबुक भरून घेतलं. तिचा नवरा दरवर्षी मे महिन्यात खात्यात साडेतीनशे रुपये ठेवायचा, विम्यासाठी म्हणून. यंदाही ठेवले होते. हप्ता ४३६ झाला होता. ८६ रुपये कमी पडले. हप्ता कापला गेला नाही. विमा चालू नव्हता.

८६ रुपयांसाठी दोन लाख गेले. जूनच्या सभेत आम्ही ते वाचून दाखवलं होतं, आणि ती त्या सभेत हजर होती. तिनं ऐकलं, घरी सांगायचं राहिलं. आम्ही वाचलं, विचारायचं राहिलं. बँकेतून बाहेर पडल्यावर आम्ही पायरीवर बसून राहिलो. तीच म्हणाली, "चला, एसटी जाईल."

आता आमच्या सगळ्या गटांत दर मे महिन्याच्या सभेला नवरा-बायको दोघांचीही पासबुकं आणायची, असा नियम आहे. शिल्लक एकेकीची वाचायची. तुम्हीही करा. आमचं ऐकून एवढं एक केलंत, तरी आजचं बोलणं कामी आलं.

ऑगस्ट-सप्टेंबरात जनावरांना लम्पी आला. बाजार बंद, दूध कमी, कित्येकींच्या दावणीच्या गाई गेल्या. ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं. त्याच महिन्यात, २७ तारखेला, क्रिकेट मंडळानं जाहीर केलं की बायकांच्या संघाला आणि पुरुषांच्या संघाला सामन्याचे पैसे सारखेच मिळणार. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघात आहे. आम्ही हे खुरपताना बोललो. आमच्याकडं गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे. एक जण म्हणाली, "लाखात सारखं झालं, शेकड्यात कधी व्हायचं?" हा विषय आम्ही प्रोसिडिंगमध्ये 'शिल्लक' म्हणून लिहिलाय. सुगीला पुन्हा घेणार आहोत.

२ नोव्हेंबरला अहमदाबादेत इलाबेन भट गेल्या. वय ८९. आपल्यापैकी फार जणींना हे नाव माहीत नसेल, आणि खरं तर आपल्या प्रत्येक गटाच्या भिंतीवर यांचा फोटो पाहिजे. वकील बाई. गिरणी कामगारांच्या संघटनेत काम करताना त्यांनी बघितलं की गिरणीबाहेर हजारो बायका राबतात, कुणी डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहते, कुणी भाजी विकते, कुणी जुनेर विकते, पण त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नाही. १९७२ साली त्यांनी या बायकांची 'सेवा' ही संघटना उभी केली. नोंदणीला गेल्या तर अधिकारी म्हणाले, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर तुम्ही भांडणार कुणाशी? इलाबेन म्हणाल्या, संघटना भांडायलाच लागते असं नाही, आपण एक व्हायलाही लागते. १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. त्यातल्या बऱ्याच जणींना सही येत नव्हती. बँकेच्या कागदांवर नाव लिहायचं होतं, म्हणून रात्रभर बसून नाव गिरवायला शिकल्या. आपले बचत गट बँकेला जोडायला सुरुवात झाली ती १९९२ साली. त्याच्या अठरा वर्षं आधी त्या बायकांनी हे करून दाखवलं होतं.

दहा रुपये. त्यांनी दहा रुपयांची बँक केली. आमच्या वहीत दहा रुपये दंड म्हणून पडलेत.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याच आळीत एक वयस्कर गृहस्थ वारले. त्यांची बायको साठीची, गटातली नाही, पण सून गटातली. सुनेनं फोन केला. आम्ही सात जणी गेलो. ठरल्याप्रमाणं दोघी त्या मावशींच्या दोन्ही बाजूंना बसल्या. दगड आणायला कुणी उठलं तेव्हा भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, "गावाची रीत मोडू नका. हेरवाडचं हेरवाडला." आम्हाला बोलता आलं नाही. पाय लटपटत होते. तेव्हा आक्का उठल्या. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले, तीस वर्षांचे मोकळे हात, आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या फोडल्या तवा तुमचा दादा परत आला का? मग हिच्या कशाला फोडायच्या?"

ते वडीलधारे काही न बोलता बाहेर गेले. बांगड्या राहिल्या. कुंकू राहिलं. मंगळसूत्र मावशींनी स्वतःच दुसऱ्या दिवशी काढून डब्यात ठेवलं. म्हणाल्या, ते त्यांच्यासंगतीचं, आता जपून ठेवते. ते त्यांचं त्यांनी ठरवलं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

त्या रात्री आम्ही आक्कांना म्हणालो, आक्का, आता तुम्हालाही कुंकू लावू. त्या हसल्या. "मला नको गं. आता सवय मोडली. पण माझ्या सुनंचं कुणी पुसलं तर बघा."

डिसेंबरच्या १० तारखेला सुलोचना चव्हाण गेल्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गाणारी बाई. त्याच साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. लावणी म्हटलं की नाकं मुरडणारी घरंही त्यांचं गाणं लावायची. बाईनं काय करायचं आणि काय नाही, याच्या रेघा लोकं मारत राहतात. त्यांनी त्या रेघेवर उभं राहूनच गाणं गायलं.

असं हे साल. सिंधुताई, लताबाई, इलाबेन, सुलोचनाबाई गेल्या. द्रौपदीताई आल्या. हेरवाडचा ठराव आला. देशाच्या वहीत एवढं लिहिलं जाईल. आमच्या वहीत त्याखाली लिहिलंय: एका घरी आम्ही चुकलो, एका घरी उभ्या राहिलो. ८६ रुपये कमी पडले. मजुरीचा विषय शिल्लक.

आता पुढच्या सभेचे विषय.

येत्या रविवारी, १५ तारखेला, संक्रांत आहे. तिथून २८ तारखेच्या रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल. ज्या घरात बोलावणं आलं तरी जिच्या कपाळाला बोट लावायला तुमचा हात थांबतो, अशी एक तरी बाई तुमच्या आळीत आहे. तिळगूळ तिला देतो, वाण देत नाही. यंदा तिला आधी बोलवा. कुंकू लावायचं का, हे तिला विचारा. ती हो म्हणाली तर लावा, नको म्हणाली तर हळद लावा, नाहीतर फूल द्या. पण वाण तिच्या हातात द्या आणि तिला सगळ्यांच्यात बसवा.

दुसरं, २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. आमच्या गावात आम्ही हेरवाडसारखा ठराव मांडणार आहोत. अर्ज दिलाय, त्यावर आमच्या आणि शेजारच्या दोन गटांच्या सह्या आहेत. मंजूर होईल का, सांगता येत नाही. तुमच्या गावात मांडायचा असेल तर अर्ज आधी द्या, आणि त्या दिवशी घरातलं काम लवकर उरकून सगळ्या जणी जा. मागं बसू नका.

आमची मैत्रीण डिसेंबरच्या सभेला आली होती. बचत भरली, थकलेले दोन हप्ते भरले, आणि प्रोसिडिंगखाली सही केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला त्या दोघीच गेल्या, ज्यांनी तिचे हात धरले होते. तिनं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. चहा केला.

तिच्यासाठी वाण बाजूला काढून ठेवलंय.

पुढच्या वेळी तुमच्या गटाचं प्रोसिडिंग तुम्ही वाचून दाखवा, आम्ही ऐकू.